घरातल्या वायफायला कुलूप कसे लावावे

बडोद्यातल्या आपल्या बहुतेक सभासदांच्या घरी आता फायबरचे इंटरनेट पोहोचले आहे. दिवाणखान्यात टीव्हीच्या मागे किंवा जिन्याखालच्या कोनाड्यात एक छोटा डबा लुकलुकत असतो आणि जोवर नेट चालू आहे तोवर त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर ओटीपी, बनावट केवायसी, ‘डिजिटल अरेस्ट’ यांविषयीचे इशारे वरचेवर येतात, आणि ते यायलाच हवेत. या डब्याविषयी मात्र कोणी बोलत नाही. म्हणून हा लेख. तांत्रिक शब्द टाळता येतील तेवढे टाळले आहेत. जे टाळता आले नाहीत त्यांचा अर्थ सांगत पुढे जाऊ.

आधी एक भीती दूर करू. कोणी आपल्या वायफायचा पासवर्ड मिळवला म्हणून लगेच बँकेतले पैसे जात नाहीत. बँकेचे संकेतस्थळ किंवा यूपीआयचे अॅप आणि बँकेचा संगणक यांच्यात जे बोलणे होते ते आधीच गुप्त लिपीत गुंडाळलेले असते, आणि ही गुंडाळी वायफायच्या कुलपावर अवलंबून नसते. घरात शिरलेल्या माणसाला लखोटा दिसेल, आतले पत्र वाचता येणार नाही. हे सांगण्याचे कारण असे की या विषयावर भीती घालणारे संदेश पुष्कळ फिरतात, आणि भलत्याच गोष्टीची भीती बाळगली की खऱ्या धोक्याकडे दुर्लक्ष होते.

नाव आपले, उद्योग दुसऱ्याचा

खरा धोका काय, हे आपल्या गुजरातला वेगळे सांगायला नको. २६ जुलै २००८ च्या संध्याकाळी अहमदाबादेत एकापाठोपाठ एक स्फोट झाले. त्यांत ५६ जणांचा बळी गेला. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा एक ईमेल गेला होता. इंटरनेटवर जाणाऱ्या प्रत्येक जोडणीला एक आयपी पत्ता असतो. तो कोणत्या वेळी कोणत्या ग्राहकाकडे होता याची नोंद इंटरनेट कंपनीकडे राहते. तपास यंत्रणेने ती नोंद काढली तेव्हा माग लागला तो नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटचा. तिथे एक अमेरिकन गृहस्थ कुटुंबासह राहत होते. त्यांचे संगणक जप्त झाले, चौकश्या झाल्या, त्यांचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आले. पुढे निष्पन्न झाले की त्यांचा या प्रकाराशी संबंध नव्हता. त्यांचे वायफाय दुसऱ्याने वापरले होते. त्याच वर्षी असेच आणखी ईमेल मुंबईतल्याच दुसऱ्यांच्या वायफायवरून गेले, त्यांतला सप्टेंबरमधल्या दिल्ली स्फोटांच्या वेळचा चेंबूरच्या एका कंपनीच्या जोडणीवरून. फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना वायफाय सुरक्षित ठेवण्याविषयी सूचना काढल्या, त्याची पार्श्वभूमी ही.

आयपी पत्ता माणूस दाखवत नाही, घर दाखवतो. म्हणजे बिल ज्याच्या नावावर, प्रश्न आधी त्याला. आपल्याकडे अनेक घरांत ती जोडणी आजोबांच्या नावावर असते. ईमेलची धमकी फार झाली. बनावट खाते उघडून कोणाला त्रास देणे, लहान मुलांचे आक्षेपार्ह साहित्य उतरवून घेणे, कोणाच्या फसवणुकीचा व्यवहार आपल्या जोडणीवरून करणे, यांतले काहीही झाले तरी पहिली बेल आपल्या दारावर वाजते. शेवटी निर्दोष ठरू, पण तोवर फोन आणि लॅपटॉप जप्त, पोलीस चौकीत हेलपाटे, आणि सोसायटीत कुजबुज.

जुन्या शहरातल्या पोळांमध्ये हा प्रश्न आणखी थोडा वेगळा आहे. मांडवी, वाडी, रावपुरा या भागांत भिंतीला भिंत लागून घरे आहेत. वायफायच्या लहरींना भिंती अडवत नाहीत, फक्त थकवतात. त्यातही २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ५ गिगाहर्ट्झपेक्षा दूर जातात आणि भिंतीतून बऱ्या निघतात. आपले वायफाय समोरच्या ओटल्यावर बसलेल्या माणसाला सहज मिळते, आणि त्याला आपल्या घरात पाऊल टाकावे लागत नाही.

इंटरनेटवाल्याने ठेवलेला पासवर्ड

आमच्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट ही आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबू. नवीन जोडणी बसवायला जो मुलगा येतो तो घाईत असतो. तो विचारतो, “काका, पासवर्ड काय ठेवू? मोबाइल नंबरच ठेवतो, लक्षात राहील.” आपण मान डोलावतो. नाहीतर नावापुढे १२३ लावून तो मोकळा होतो. वायफायच्या नावात आडनाव आणि फ्लॅटचा क्रमांकही घालतो, म्हणजे ‘जोशी बी २०३’. झाले! आता खालून जाणाऱ्या कोणालाही कळते की हे वायफाय कोणाचे. जोशींचा मोबाइल नंबर सोसायटीच्या नोंदवहीत आहे, दूधवाल्याकडे आहे, लग्नपत्रिकेवर आहे, आणि आपल्या मंडळाच्या छापील सभासद सूचीतही आहे.

नंबर माहीत नसला तरी फारसे अडत नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पुष्कळांना वाटते, पासवर्ड ओळखायचा तर राउटरपाशी एकेक करून टाकून पाहावा लागेल, आणि राउटर चारदोन चुकांनंतर बंद होईल. तसे नाही. आपला फोन घरी येऊन वायफायला जोडला जातो तेव्हा फोन आणि राउटर यांच्यात चार निरोपांची छोटी देवाणघेवाण होते. पासवर्ड त्यात उघड जात नाही, पण पासवर्डापासून गणिताने काढलेली एक खूण जाते. बाहेर उभा असलेला माणूस हे निरोप टिपून घरी नेतो, आणि मग स्वतःच्या संगणकावर निवांत अंदाज करत बसतो: हा पासवर्ड असेल तर खूण जुळते का? हा असेल तर? राउटरला विचारायचे कामच नाही, त्यामुळे राउटरला पत्ताही लागत नाही.

आता हिशेब करू. आपल्याकडचे मोबाइल क्रमांक दहा आकडी असतात आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. आकडा मोठा वाटतो. पण खेळांसाठी वापरतात तसे चांगले ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक अशा प्रकारचे अंदाज सेकंदाला दहा लाखांच्या वेगाने तपासू शकतो. ४०० कोटींना दहा लाखांनी भागले की ४,००० सेकंद उरतात, म्हणजे सव्वा तासाहूनही कमी. यात भारतातला प्रत्येक मोबाइल क्रमांक तपासून होतो. जन्मतारखेचे तर बोलायलाच नको: शंभर वर्षांच्या सगळ्या तारखा मिळून साडेछत्तीस हजार, त्या डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतात.

मग पासवर्ड कसा असावा? विचित्र चिन्हांचा ठेवला तर आजीला टाकता येत नाही, आणि पाहुण्याला सांगताना पाच वेळा चुकतो. त्यापेक्षा एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्यावेत आणि इंग्रजी अक्षरांत सलग लिहावेत. उदाहरणार्थ खलबत्ता, तिकीट, मांजर, सुंठ, झरोका. (हेच घेऊ नयेत, ते आता छापून झाले.) समजा, कोणाला ठाऊक आहे की आपण रोजच्या वापरातल्या पाच हजार शब्दांतून चार शब्द उचलले आहेत. तरीही वरच्याच वेगाने सगळ्या शक्यता तपासायला एका संगणकाला जवळजवळ वीस वर्षे लागतील. पाचवा शब्द घातला की वीस वर्षांची लाखभर वर्षे होतात. वायफायचा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असू शकतो, त्यामुळे जागेची अडचण नाही.

यात एक अट आहे: शब्द खरोखर असंबद्ध हवेत. आरतीची ओळ, म्हण, मुलानातवंडांची नावे ओळीने, हे चालत नाही, कारण अंदाज करणाऱ्याच्या यादीत अशा जोड्या आधीपासून असतात. डोळे मिटून शब्दकोश उघडावा आणि बोट ठेवावे. शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग एकदा ठरवले की बदलू नये, नाहीतर ‘सुंठ’ एका फोनवर एका पद्धतीने आणि दुसऱ्यावर भलत्याच पद्धतीने टाकला जातो आणि नेट बिघडले म्हणून तक्रार जाते. आणि हो, पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवायला आमची काहीच हरकत नाही. चोर कपाटापर्यंत आला असेल तर वायफाय ही तेव्हाची लहान चिंता आहे. फक्त तो कागद राउटरवर चिकटवून दिवाणखान्यात त्यासमोर फोटो काढू नये.

वायफायचे नावही बदलावे. पासवर्डापासून किल्ली बनवताना त्यात वायफायचे नाव मिसळलेले असते, म्हणून कंपनीने दिलेली सर्रास आढळणारी नावे असतील तर हल्लेखोराचे बरेच गणित आधीच करून ठेवलेले असते. आडनाव, मजला, फ्लॅट यांपैकी काही न सांगणारे कोणतेही वेगळे नाव चालेल.

कुलपाच्या पिढ्या

राउटरच्या सेटिंगमध्ये ‘सिक्युरिटी’ या शब्दासमोर काही अक्षरे दिसतात. ती कुलपाची पिढी सांगतात. पहिले कुलूप डब्ल्यूईपी, १९९७ चे. २००१ मध्ये त्यातला दोष उघड झाला आणि २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या संशोधकांनी ते मिनिटभरात उघडून दाखवले. त्यावर तात्पुरता उपाय म्हणून २००३ मध्ये डब्ल्यूपीए आले, २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२, आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३. डब्ल्यूईपी किंवा नुसते डब्ल्यूपीए दिसले तर राउटर फार जुना आहे, तो बदलावाच. डब्ल्यूपीए-२ चालेल, पण त्यासोबत ‘एईएस’ निवडावे. डब्ल्यूपीए-३ मिळत असेल तर उत्तम, कारण वर सांगितलेला ‘निरोप टिपा आणि घरी जाऊन अंदाज करा’ हा मार्ग त्यात बंद केला आहे. प्रत्येक अंदाजासाठी राउटरशीच बोलावे लागते. जुना टीव्ही किंवा प्रिंटर त्याला जोडला जात नसेल तर दोन्ही पिढ्यांची मिश्र सोय बहुतेक नव्या राउटरमध्ये असते.

डब्ल्यूपीए-२ मध्येही २०१७ साली बेल्जियमच्या मॅथी व्हानहूफ यांनी एक फट शोधली होती. ती फोन आणि राउटर यांच्या अपडेटने बुजवता येते. ज्या फोनला अपडेट येणेच बंद झाले त्याची फट तशीच राहिली.

एक बटण मात्र सगळ्यांनी तपासावे. राउटरच्या मागे ‘डब्ल्यूपीएस’ लिहिलेले असते. पासवर्ड न टाकता यंत्र जोडण्याची ती सोय. त्याच सोयीचा दुसरा प्रकार आठ आकडी पिनचा आहे. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, पण २०११ मध्ये लक्षात आले की राउटर पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासतो: पहिले चार आकडे बरोबर की चूक हे आधीच कळते, आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो. म्हणून उरतात दहा हजार अधिक एक हजार, फक्त अकरा हजार प्रयत्न. घरचा पासवर्ड कितीही भक्कम असला तरी हे मागचे दार उघडे राहते. सेटिंगमध्ये जाऊन डब्ल्यूपीएस बंद करून टाकावे. आपण ते तसेही वापरत नाही.

राउटरचा दुसरा पासवर्ड

वायफायला जोडण्याचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा वेगळा. दुसरा आहे हेच अनेकांना ठाऊक नसते, आणि तो कारखान्यातून आला तसाच राहतो, बहुतेकदा नाव ‘अॅडमिन’ आणि पासवर्डही ‘अॅडमिन’. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या प्रोग्रामने अशा साठेक नेहमीच्या जोड्यांची यादी घेऊन जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्यांच्या एकवटलेल्या मार्‍याने ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. मालकांना कळलेही नाही. त्यांचे नेट थोडे मंदावले, एवढेच.

सेटिंगमध्ये शिरलेला माणूस आणखी एक गोष्ट करू शकतो. आपण बँकेच्या संकेतस्थळाचे नाव टाकतो तेव्हा त्या नावाचा आकडी पत्ता कुठे विचारायचा हे राउटर ठरवतो. ही सेटिंग बदलली की नाव बरोबर टाकूनही आपण हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर जाऊ शकतो. ब्राझीलमध्ये २०११ च्या सुमारास लाखो मोडेम असे बदलले गेले होते. इथे ब्राउझर सहसा कुलपाच्या खुणेजवळ किंवा पूर्ण पानभर इशारा देतो. तो इशारा ‘पुढे जा’ म्हणून बाजूला सारू नये. वायफायची एवढीच एक वाट बँकेच्या खात्यापर्यंत पोहोचते.

सेटिंगमध्ये जायचे कसे? घरच्या वायफायला जोडलेल्या फोनच्या किंवा संगणकाच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ हा पत्ता टाकावा, अर्थात इंग्रजी आकड्यांत. नेमका कोणता ते डब्याच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर लिहिलेले असते, सुरुवातीचे नाव-पासवर्डही तिथेच. काही कंपन्यांचे यासाठी वेगळे अॅप असते. कंपनीने सेटिंग बंद करून ठेवली असेल तर त्यांच्या ग्राहक सेवेला फोन करून पासवर्ड बदलून मागावा; तो आपला हक्क आहे. आत गेल्यावर हा दुसरा पासवर्ड बदलावा, ‘रिमोट मॅनेजमेंट’ म्हणजे बाहेरून सेटिंग बदलण्याची सोय बंद करावी, आणि ‘फर्मवेअर अपडेट’ आपोआप होईल असे ठेवावे. वायफायचा पासवर्ड बदलला की घरातली सगळी यंत्रे तुटतात आणि एकेक करून पुन्हा जोडावी लागतात. तासभर हाताशी असेल तेव्हाच हे काम काढावे, आईबाबांच्या मालिकेच्या वेळी नव्हे.

कॅमेरा, पेइंग गेस्ट आणि पाहुणे

आपल्या समाजातल्या पुष्कळ घरांत आता मुले पुण्यात, बंगळुरूला किंवा अमेरिकेत आहेत आणि बडोद्यात दोघेच राहतात. काळजीपोटी मुलगा सुट्टीत येऊन दिवाणखान्यात कॅमेरा बसवून जातो. हेतू चांगला आहे. पण कॅमेऱ्याचा पासवर्ड कारखान्यातलाच राहिला, तर मुलाला जे दिसते तेच परक्यालाही दिसू शकते: आई-बाबा कधी बाहेर जातात, औषधाला पैसे कोणत्या खणातून काढतात. कॅमेऱ्याचा पासवर्ड वेगळा ठेवावा, ज्या खात्यावरून तो पाहिला जातो त्याला फोनवरचा दुसरा कोडही लावावा, आणि शक्यतो कॅमेरा दाराकडे वळवलेला असावा, पलंगाकडे नव्हे. मुलांनी परत जाण्यापूर्वी ही दहा मिनिटे काढावीत, असा आमचा आग्रह आहे.

दुसरी गोष्ट पेइंग गेस्टची. महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयामुळे आपल्याकडे विद्यार्थी ठेवणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मुले येतात, घरची होऊन राहतात, पदवी घेऊन जातात. पासवर्ड मात्र त्यांच्या फोनमध्ये राहतो आणि त्यांच्याकडून मित्रांकडे जातो. मुलांवर संशय घेण्याचा प्रश्न नाही. वर सांगितल्याप्रमाणे जोडणी घरमालकाच्या नावावर आहे, एवढेच. सर्वांत स्वच्छ उपाय म्हणजे विद्यार्थ्यांची जोडणी त्यांच्याच नावावर असावी. ते जमत नसेल तर राउटरमधली ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय वापरावी. त्यात वेगळे नाव, वेगळा पासवर्ड, आणि तिथून आपल्या घरच्या संगणक-प्रिंटरपर्यंत पोहोचता येत नाही. वार्षिक परीक्षा संपून खोली रिकामी झाली की हा पासवर्ड बदलावा, जशी आपण खोलीची किल्ली परत घेतो. गणपतीत येणाऱ्या पाहुण्यांना आणि स्मार्ट टीव्ही, कॅमेरा अशा यंत्रांनाही हेच नेटवर्क द्यावे. त्यांना इंटरनेट हवे असते, आपला लॅपटॉप नव्हे.

वायफायचे नाव लपवून ठेवा, ठरावीक यंत्रांचीच यादी करा, असेही सल्ले दिले जातात. लपवलेले नाव शोधणारी मोफत साधने आहेत, आणि यंत्राचा क्रमांक नक्कल करता येतो. त्यामुळे घरच्यांना त्रास होतो, चोराला होत नाही. तो वेळ पासवर्डाला द्यावा.

आपल्या जोडणीचा कोणी गैरवापर केला असल्याची शंका आली तर राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी दिसते, तिचा फोटो काढून ठेवावा आणि मगच पासवर्ड बदलावा. आधी बदलला तर परके यंत्र यादीतून निघून जाते. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच फोन करावा, इतर तक्रारी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवता येतात.

राहता राहिला जुना राउटर. नवी जोडणी आली की तो माळ्यावर जातो आणि दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे. त्यात आपल्या वायफायचे नाव, पासवर्ड आणि कधीकधी इंटरनेट खात्याची माहिती तशीच साठवलेली असते. देण्यापूर्वी तो विजेला जोडावा, मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून ‘रीसेट’चे बटण दिवे एकदम विझून पुन्हा लागेपर्यंत दाबून धरावे, आणि मगच पिशवीत टाकावा. कंपनीचाच असेल तर परत करून पावती घ्यावी, नाहीतर तिसऱ्या महिन्यात त्याचे बिल येते.